सगळं सेकंडहँड

लाँड्रीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. काउंटरच्या मागे, खिडकीला खेटून तिची जागा. डोक्याला पट्ट्याने बांधलेलं भिंग, मांडीवर कुणाचा तरी कोट आणि दातांत धरलेला धागा. काम रफूचं. सिगरेटने पडलेलं भोक, उंदराने कुरतडलेली बाही, खिळ्याला अडकून टरकलेला खिसा, काहीही बाईंच्या हातात द्यावं आणि चार दिवसांनी यावं. भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडत नसे. मग काही जण पैसे द्यायला कुरकुरत, "तुम्ही काही केलंच नाही की हो!"

तिचं दुसरं काम संशय घेण्याचं. तेही पगारातच धरलेलं होतं. धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्यासमोर पसरायचा, म्हणजे नंतर कुणी "हे तुम्हीच फाडलं" म्हणून भांडायला यायला नको.

"बाहीवर डाग. लिहा."

"तो डाग नाहीये हो, डिझाइन आहे."

"एकाच बाहीवर? लिहा."

वाफेच्या ढगातून इस्त्रीवाला ओरडायचा, "भिंगबाई, उद्या स्वर्गाच्या दारात साक्षात देव भेटला ना, तर त्यालाही म्हणाल, बटण आधीच तुटलेलं होतं, लिहा!"

"तुटलेलं असेल तर म्हणणारच."

तर अशी ही बाई. आणि हिच्याच घरात आठ महिने वस्तू येत होत्या.

नवरा शाळेची बस चालवायचा. शांत माणूस. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण मुलं उतरताना प्रत्येकाला "सावकाश" म्हणणारा. पहिल्यांदा त्याने आणली खुर्ची. उंच पाठीची, चाकांची, कमरेपाशी गादी असलेली. वाकून वाकून तिच्या पाठीची पार कमान झाली होती, म्हणून. "डेपोतल्या क्लार्कला ऑफिसने नवीन दिली. जुनी मी उचलली. सेकंडहँड आहे," तो म्हणाला आणि हात धुवायला निघून गेला. खुर्चीच्या हातावर शाईचा मोठा डाग होता. भिंगबाई बसली. पाठ टेकली. जी कळ रोज संध्याकाळी कमरेतून मानेपर्यंत चढायची ती अर्ध्यातच विरली. त्या खुर्चीला तिने भिंग लावलं नाही. तेवढं एक तिचं चुकलं, आणि का चुकलं ते तिला तेव्हाही माहीत होतं.

मग मिक्सर आला. मग बूट. मग कोपऱ्यावर लांब ओरखडा असलेला टीव्ही, तो म्हणे कुणाच्यातरी घरबदलात स्वस्तात मिळाला. मग लेकीला फोन. दर वेळी तेच, "सेकंडहँड आहे."

"आई, या घरात आता बाबाच तेवढे फर्स्टहँड राहिलेत," लेक म्हणाली.

"त्यांचंही बघायला हवं एकदा."

हसण्यावारी गेलं. पण भिंगबाईच्या मनात एकदा सुई टोचली की ती आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला निघाल्याशिवाय राहत नसे. त्यातून हे दिवस नेमके हिशोबाचे होते. लाँड्रीच्या गल्लीत बटणवाल्या काकांचा गाळा होता. सहा फूट रुंद, आठ फूट खोल, वर पंखा, समोर रहदारी. काकांचे गुडघे गेले होते, गाळा सोडणार होते. डिपॉझिट ऐंशी हजार. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण डोळा ठेवून होता, पण काकांनी तिला तीस तारखेपर्यंत शब्द दिला होता. तिचा स्वतःचा गाळा! मालकाचा हिस्सा नाही, "लिहा" नाही, फक्त रफू. त्यासाठी एकोणीस महिने ती दर महिन्याला नवऱ्याच्या हातात चार हजार ठेवत होती. खातं त्याच्या नावावर, बँक त्याच्या वाटेवर. शहात्तर झाले असणार. शेवटचे चार या पगारात.

आणि एका सकाळी तिने नवऱ्याचा शर्ट बटण लावायला म्हणून लाँड्रीत नेला.

हा शर्टही सेकंडहँडच. "एका ड्रायव्हरला घट्ट व्हायला लागला," असा त्याचा इतिहास. कॉलर विटलेली, कफ पांढुरके. तिने सवयीने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि सुई तशीच हवेत राहिली.

"काय झालं? झुरळ?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"इकडे या. ही कॉलर बघा. झिजलीय की घासलीय?"

"एकच की."

"एकच कसं? माणूस अंगात घालतो तेव्हा कॉलर घडीवर झिजते, दाढीपाशी, आणि आतून घामाने पिवळी पडते. ही वरून सगळीकडे सारखी विटलीय. कुणीतरी दगडाने घासलीय. आत बघा, खळसुद्धा गेली नाही. आणि इथे मानेमागे लेबल कापलंय, पण टाके राहिलेत. हा शर्ट फार तर दोनदा धुतलाय."

इस्त्रीवाल्याने डोकं खाजवलं. "लोक जुना कपडा नवा म्हणून खपवतात. नवा जुना म्हणून कोण खपवेल, भिंगबाई? वेड लागलंय का?"

"तेच म्हणते मी."

"दुसरी बाई असेल." इस्त्रीवाला विचारपूर्वक म्हणाला. त्याच्या मते जगातल्या सगळ्या भानगडींच्या मुळाशी दुसरी बाई असे.

"दुसऱ्या बाईने दिलेला शर्ट माणूस जपून घालतो. दगडाने घासत नाही."

मग काय? तिने दिवसभर उभे-आडवे धागे भरले आणि मनात एकच विणत राहिली. मुलं बसमध्ये वस्तू विसरतात. पण टीव्ही कोण विसरेल? शाळेच्या भांडारातून उचलतोय का? पकडला तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर बचत खावी लागेल. बचत गेली की गाळा गेला. कुठूनही सुरुवात केली तरी ती फिरून गाळ्यापाशीच यायची.

संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, पासबुक भरून आणलंत का? तीस तारीख आली."

"मशीन बंद होतं."

"बँकेत एकच मशीन?"

"सगळीच बंद होती."

"अन् कालही बंद?"

"कालचंच सांगतोय." आणि तो टीव्हीचा आवाज वाढवायला उठला. रिमोट हातात असताना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती थेट डेपोत गेली. क्लार्क एका मोडक्या लाकडी खुर्चीत बसला होता, एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर तिची नजर गेली आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

"नमस्कार. तुमची जुनी खुर्ची आमच्याकडे आहे म्हणे. आभार मानायला आले होते."

"माझी खुर्ची? वहिनी, माझी खुर्ची ही! बारा वर्षं हीच. तुम्हाला दिली असती तर मी काय हवेत बसलो असतो?" तो मनापासून हसला. "बाकी तुमचे मिस्टर म्हणजे राजा माणूस हं. परवा आम्हा आठ जणांना जेवायला घेऊन गेले. आम्ही खिसे चाचपतोय तोवर यांनी कार्ड काढलं, दाबलं, झालं! आपण तर बघतच राहिलो."

"कसलं कार्ड?"

क्लार्कचं हसू हळूहळू मिटलं. "क्रेडिट कार्ड... म्हणजे, तुम्हाला माहीतच असेल ना, वहिनी?"

"हो तर," ती म्हणाली. गेटपर्यंत ती ताठ चालली. 

लेक क्लासला गेली होती. नवरा आला तेव्हा टेबलावर फक्त शर्ट पसरलेला होता, लाँड्रीत पसरतात तसा, बाह्या उघड्या.

"बसा," ती म्हणाली.

"हात धुऊन..."

"हात नंतर. हा शर्ट कुणाचा?"

"सांगितलं ना, त्या ड्रायव्हरला घट्ट..."

"कॉलर कशाने घासलीत? टाचा घासायच्या दगडाने?"

त्याचा हात नकळत शर्टाच्या कॉलरकडे गेला.

"अहो, तीस वर्षं मी कापड बघतेय! माझ्यापुढे तुम्ही कापडाला खोटं बोलायला लावता? दुसरं काहीतरी शोधायचं होतं. भांडी, इंजिन, काहीही!"

त्याने लायसन्सच्या कव्हरातून कार्ड काढलं आणि शर्टावर ठेवलं. मग दुसरं. तिला वाटलं संपलं, तर तिसरं.

"तीन?"

"एकेक करून झाली."

"कोणी गळ्यात घातली?"

"पेट्रोल पंपावर एक मुलगी टेबल लावून उभी होती. म्हणाली, सर, फुकट आहे." तो थांबला. "सर म्हणाली. बावीस वर्षं मी बस चालवतोय. मला काका म्हणतात, ड्रायव्हर म्हणतात, अहो बसवाले म्हणतात. मग खुर्चीच्या दुकानात गेलो, तुझ्या पाठीसाठी बघायला. नुसतं बघायला. तिथेही सर. कुठली आवडली, सर. कार्ड लावलं, टिंग वाजलं, आणि खिशातून काहीच गेलं नाही. म्हणजे पाकीट होतं तेवढंच जाड."

"आणि शाईचा डाग?"

"मीच पाडला. नवीन दिसली असती तर तू विचारलं असतंस."

तिने खुर्चीच्या हातावरच्या डागाकडे पाहिलं. ती त्याच खुर्चीत बसलेली होती. उठावं असं वाटलं, पण उठून बसणार कुठे?

"परत कसे करत होता पैसे?"

आता तो जरा सावरला, जणू या विषयावर त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. "महिन्याला कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं, किमान एवढे भरा. खर्च वीस हजार आणि भरायचे हजारच! मला वाटलं, बँक समजूतदार आहे. तेवढे भरले. मग ते वाढायला लागले. तेव्हा दुसरं कार्ड काढलं आणि त्याच्यातून पहिल्याचं भरलं. मग तिसऱ्यातून दुसऱ्याचं."

"हे डोकं तुम्हाला कुणी दिलं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी नव्हती, आणि तेच वाईट होतं. "तूच. तू लेकीला शिकवत होतीस ना, वरचं भोक बुजवायला बाहेरून धागा आणायचा नाही, रंग जुळत नाही. आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून ओढायचा. मी म्हटलं, बरोबर आहे. बाहेर कुणाकडे हात पसरण्यापेक्षा..."

"आतली दुमड म्हणजे?" तिचा आवाज एकदम खाली आला. "अहो. आतली दुमड म्हणजे काय? पासबुक कुठाय?"

या महिन्याचे चार धरून पासबुकात एकतीस हजार होते.

तिने भिंग चढवलं. कार्डांचे कागद मागितले आणि मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागली. एक पान, दोन पानं. लेक क्लासवरून आली, दारात थबकली, बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि चप्पल न वाजवता आत गेली. भिंगबाई वाचतच होती. किमान रक्कम भरली तरी उरलेल्यावर व्याज. व्याजावर व्याज. उशिराचा दंड. दंडावर कर. तीन कार्डांवर मिळून बासष्ट हजार.

"दुमडीत किती धागे असतात, माहितीय?" ती शेवटी म्हणाली. "दोन-चार टाक्यांपुरते. जास्त ओढले की शिवणच उसवते. हे तुम्ही ऐकलं नाहीत. तोवर तुम्ही उठून गेला असाल."

त्याच रविवारी सगळं विकायला काढलं. टीव्ही, मिक्सर, बूट, खुर्ची. लेकीने फोन स्वतःहून आणून ठेवला, त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझा जुना चालतो अजून. स्क्रीन तडकलीय, पण त्यात कुणी काय लपवलेलं नाही." बापाने मान खाली घातली.

जुन्या सामानाचा दुकानदार टीव्हीभोवती फिरला. "ओरखडा आहे."

"तेवढाच आहे. आतून नवा आहे, तीन महिन्यांचा."

"तीन महिन्यांत एवढा ओरखडा? आपटलेला दिसतो."

"आपटला नाही हो," नवरा कळवळून म्हणाला. "मी किल्लीने काढला."

"स्वतःच्या टीव्हीवर?"

"नवीन दिसू नये म्हणून."

दुकानदाराने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. "ताई, माल चोरीचा तर नाही ना?"

"बिलं आहेत," भिंगबाई म्हणाली आणि बिलं काउंटरवर पसरली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे कुणीतरी तिच्याच नजरेने बघत होतं. तिला ते मुळीच आवडलं नाही. शाईच्या डागाचे, ओरखड्याचे, घासलेल्या बुटांचे पैसे कापून हातात चौदा हजार आले.

एकतीस आणि चौदा, पंचेचाळीस.

तीस तारखेला दोघं बटणवाल्या काकांकडे निघाली, नाही म्हणायला. वाटेत पैसे काढायच्या मशीनची काचेची खोली लागली. नवऱ्याची पावलं तिथे मंदावली.

"एक सांगू? रागावणार नसशील तर."

"रागावणार."

"तिसऱ्या कार्डावर अजून रोख निघते. चाळीसपर्यंत. आपल्याला पस्तीसच कमी आहेत. निदान गाळा तरी हातचा जायला नको. माझ्यामुळे."

"कार्डं मी कापायला सांगितली होती."

"दोन कापली."

त्याने ते काढून तिच्यासमोर धरलं. फेकून द्यावं असं तिच्या हाताला सुचलं नाही. हाताने ते घेतलं. हलकं होतं, कोपरे गोल, बोटांना गुळगुळीत.

पस्तीस. गाळा आजच आपला. स्वतःचा गाळा म्हणजे महिन्याला जास्तीचे पाच-सहा सुटतील, नाही का? मग वर्षभरात सगळं फिटेल. आणि फिटणारच असेल तर आज नाही का म्हणायचं? बरोबरच होतं सगळं. कुठे उसवलेलं दिसत नव्हतं. ती आत गेली. नवऱ्याने काचेबाहेरून खुणेने चार आकडे सांगितले. तिने दाबले. रक्कम दाबली, पस्तीस हजार. मशीनने विचारलं, पुढे जायचं का?

तेवढ्यात लेक आठवली. घरी गेल्यावर विचारणार, गाळा कसा मिळाला? सांगू, काकांनी डिपॉझिट कमी केलं. ओळखीतलं म्हणून. उरलेले हप्त्याने घेतो म्हणाले, गुडघ्यांमुळे घाई आहे ना त्यांना... किती छान बसलं सगळं! कुठून धागा घेतला ते कुणाला कळलं नसतं. शर्टाला तर निदान टाके राहिले होते.

तिने चमकून काचेत पाहिलं. बाहेर नवरा उभा होता, आणि काचेवर तिचं स्वतःचं तोंड, भिंगाशिवाय. मशीन टूं टूं करायला लागलं. पुढे जायचं का? मागे रांगेतला माणूस खाकरला. "ताई, काढताय की बघताय?"

तिने 'नाही' दाबलं. कार्ड बाहेर आलं. मग दारातच दोन्ही हातांनी दुमडून दुमडून, दात लावून, ते पांढरं पडून तुटेपर्यंत तिने मोडलं. रांगेतला माणूस एक पाऊल मागे सरला.

बटणवाले काका फळ्यांवरचे डबे पोत्यात भरत होते. कव्हरवाला बाहेर स्टुलावर बसला होता, हातात मोजपट्टी.

"आणलेत?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. पंचेचाळीसच आहेत, आणि तेही द्यायचे आहेत. कार्डांचे." तिने नवऱ्याकडे बोट केलं नाही. पण तो स्वतःच पुढे आला.

"माझी कार्डं, काका. तिला माहीत नव्हतं."

काकांनी त्याला वर-खाली न्याहाळलं, खोटं नाणं बघावं तसं. मग कव्हरवाल्याला मानेनेच खूण केली. तो उठला आणि दाराची रुंदी मोजायला लागला. भिंगबाईने तिकडे पाठ केली. पट्टी सरकल्याचा आवाज मात्र ऐकू येत राहिला.

"हे बघ पोरी," काका म्हणाले. "समोरचा किल्लीवाला निघतोय, पुढच्या वर्षी. अकरा महिन्यांनी. त्याचंही डिपॉझिट एवढंच. तुझ्यासाठी शब्द टाकू का?"

तिचे डोळे समोरच्या गाळ्यावर गेले. छोटा होता, पण उजेडाचा. "काय हो? अकरा महिन्यांत होईल?"

"होईल," नवरा म्हणाला.

"एवढ्या झटकन? मोजलंत कधी?"

तो ओशाळला. "नाही."

"मग मोजा."

"आत्ता? इथे?"

"इथेच. मी थांबते."

त्याने बोटं उघडली. बासष्टातून पंचेचाळीस गेले, सतरा. ओठ हलत होते. महिन्याला चार. एकदा चुकला, पहिल्यापासून सुरुवात केली. व्याजाचा महिना धरला, मग पुटपुटला, त्यापुढे ऐंशी. काका पोतं बांधायचे थांबले. कव्हरवालाही पट्टी धरून ऐकत होता. भिंगबाई त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होती. घाईत एखादं पेर गाळतोय का, हे.

"पंचवीस," तो शेवटी म्हणाला. तोंड पडलं होतं. "दोन वर्षं. आणि वर एक महिना."

त्या वरच्या एका महिन्याने तिला बरं वाटलं. खोटं बोलायचं असतं तर त्याने तो गाळला असता.

"काका," ती म्हणाली, "किल्लीवाल्याला शब्द टाकू नका. उगाच अडकून बसेल." मग नवऱ्याकडे वळली. "चला. बँक चारला बंद होते. पंचेचाळीस आजच भरायचे, आणि पावती माझ्या हातात द्यायची."